नव्या ड्राइव्हवर लिनक्स टाकलं आणि मशीन उठेना: पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे करून बघा

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी सदाशिव पेठेतून मामांचा फोन आला. "अरे, तुझं लिनक्स गेलं रे."

चांगलं झालं की ते 'तुझं' असतं आणि बिघडलं की हमखास 'तुझं' असतं, हे मी आता मान्य केलंय. झालं असं होतं: मामा तपकीर गल्लीत जाऊन ५०० जीबीचा एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जातीचा, ड्राइव्ह घेऊन आले, स्वतःच डेस्कटॉप उघडून तो बसवला, त्यावर डेबियनच्या कुळातलं एक लिनक्स टाकलं आणि दोन दिवस आनंदाने वापरलं. तिसऱ्या दिवशी जुना साटा (आधीच्या, हळू जातीचा) एसएसडी नातीच्या लॅपटॉपात घालायला म्हणून काढून ठेवला. मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर एवढंच की बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.

"परत टाकू का सगळं पहिल्यापासून?"

"मामा, काही टाकू नका आणि काही काढू नका. पडद्याचा फोटो काढून पाठवा. मी येतो."

लिनक्स बूट होत नसेल तर पुन्हा इन्स्टॉल करणं हा उपाय नाही. ती सुटका आहे, आणि तीही बऱ्याचदा फसवी. मामांनी जुना ड्राइव्ह परत लावून नव्याने इन्स्टॉल केलं असतं तर सगळं पुन्हा चाललं असतं आणि जुना काढल्यावर पुन्हा बंद पडलं असतं. त्यापेक्षा मशीन नेमकं कुठवर पोचून अडलं ते बघितलं, तर पुढचं काम बहुतेक वेळा तासाभराचं असतं.

लोकल कुठल्या स्टेशनात थांबली?

पुण्याहून लोणावळ्याला निघालेली लोकल उशिरा आली की आपण पहिल्यांदा विचारतो, "कुठं थांबली होती?" खडकीला थांबली असेल तर कारण एक, तळेगावला थांबली असेल तर दुसरं. बूटचंही तसंच आहे. स्टेशनं ठरलेली आणि क्रमही ठरलेला.

पहिलं स्टेशन फर्मवेअर, म्हणजे ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो पण गेल्या दहाएक वर्षांतल्या मशीनमध्ये जे बहुधा यूईएफआय असतं. ते ड्राइव्ह शोधतं आणि बूटलोडरला हाक मारतं. दुसरं स्टेशन बूटलोडर, बहुतेकांकडे ग्रब. ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्याच्या सोबतची इनिटरॅमएफएस नावाची छोटी शिदोरी मेमरीत चढवतं. तिसऱ्या स्टेशनात कर्नल त्या शिदोरीतले ड्रायव्हर वापरून खरं रूट पार्टिशन, म्हणजे जिथे लिनक्स बसलंय ते, शोधतो. चौथ्यात सिस्टमडी हा कारभारी येतो, एफएसटॅब नावाची पार्टिशनांची यादी वाचून बाकीची पार्टिशनं जोडतो आणि सेवा सुरू करतो. शेवटी लॉगिनचा पडदा.

आता पडद्यावर काय दिसतंय त्यावरून स्टेशन ओळखा. मदरबोर्डच्या लोगोनंतर 'बूट डिव्हाइस नाही' किंवा मशीन आपोआप सेटिंगमध्ये शिरलं, तर गाडी पहिल्याच स्टेशनात आहे. 'ग्रब रेस्क्यू' किंवा नुसतं 'ग्रब' आणि पुढे बाणासारखं चिन्ह दिसलं तर दुसऱ्यात. 'इनिटरॅमएफएस' अशा कंसातल्या नावाचा शेल (आज्ञा टाइप करायची जागा) आला आणि वर अमुक यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक, अस्तित्वात नाही अशी तक्रार असली, तर तिसऱ्यात. 'इमर्जन्सी मोड' आला किंवा एखाद्या ओळीवर दीड मिनिटाचं घड्याळ फिरत बसलं तर चौथ्यात. आणि सगळं झालं पण पडदा काळाच, तर मशीन बूट झालंय, फक्त ग्राफिक्स रुसलंय.

एकाच मशीनमध्ये दोन-तीन बिघाड एकामागे एक उभे असू शकतात. पहिला दुरुस्त केला की दुसरा दिसतो, आणि माणूस घाबरून म्हणतो, "मी आणखी बिघडवलं." बिघडवलं नाही, गाडी एक स्टेशन पुढे गेली. मामांच्याकडे तसे तीन होते.

हात घालण्याआधी

एक लाइव्ह पेनड्राइव्ह लागेल, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट ज्यावरून लिनक्स चालतं तो. ज्यावरून इन्स्टॉल केलं तोच चालतो. बूट मेन्यूत हा पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी यूईएफआय लिहिलेला. ज्या पद्धतीने लिनक्स टाकलं होतं त्याच पद्धतीने आत शिरा. नव्या मशीनवर म्हणजे यूईएफआय. आत आल्यावर /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे का बघा. असेल तर तुम्ही यूईएफआयमधून आला आहात, नसेल तर जुन्या लेगसी पद्धतीने. ही एक गोष्ट न बघितल्यामुळे लोकांचे दोन-दोन तास गेलेले मी पाहिलेत.

याच मशीनवर विंडोज असेल आणि त्याचं ड्राइव्हला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी हातात घ्या, मगच फर्मवेअरच्या सेटिंगला हात लावा. सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारी सोय) किंवा ड्राइव्हचा मोड बदलला की विंडोज ती की मागू शकतं, आणि तेव्हा ती त्याच बंद मशीनमध्ये ठेवलेली आहे हे आठवून उपयोग नसतो. महत्त्वाच्या फाइल लाइव्हमधूनच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. आणि पुण्यात असाल तर शक्यतो गुरुवारी हे काम काढू नका. पार्टिशन लहान करत असताना देखभालीसाठी वीज गेली तर मग हा लेख पुरणार नाही.

आणखी एक: इथे आज्ञा मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या छोट्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. एलएसबीएलके म्हणजे ती पाचच अक्षरं, मधे काही नाही.

पहिलं स्टेशन: फर्मवेअरला ड्राइव्ह दिसतो का?

सेटिंगमध्ये जा. बहुतेक डेस्कटॉपवर डिलीट की, लॅपटॉपवर एफ२ किंवा एस्केप. तिथे स्टोरेजच्या यादीत नव्या ड्राइव्हचं नाव आहे का?

नाव नसेल तर आधी स्क्रू. एम.२ ड्राइव्ह जरा तिरका घालून मग आडवा दाबायचा असतो, आणि तो अर्धा मिलिमीटर बाहेर राहिला तरी दिसत नाही. दुसरं, एम.२ हा आकार आहे, भाषा नाही. काही एम.२ ड्राइव्ह साटाची भाषा बोलतात, काही एनव्हीएमईची, आणि प्रत्येक खाच दोन्ही ऐकतेच असं नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्या खाचेपुढे काय लिहिलंय ते बघा. तीच पुस्तिका हेही सांगते की अमुक खाच भरली की साटाचं अमुक पोर्ट बंद होतं. नवा बसवला आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली, तर डिस्क मेलेली नाही. तिची केबल दुसऱ्या पोर्टात लावा.

नाव फर्मवेअरमध्ये आहे पण लाइव्ह लिनक्समध्ये नाही, असंही होतं. इंटेलच्या मशीनवर स्टोरेजचा मोड आरएसटी, रेड किंवा व्हीएमडी असा असेल तर तो एएचसीआयवर आणा, किंवा व्हीएमडी बंद करा. विंडोज सोबत असेल तर मात्र थांबा. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग हा बदल करावा लागतो, नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवतं.

याच्या उलट प्रकार जास्त गंमतीचा आहे. हडपसरच्या एका मित्राने दहा-बारा वर्षांच्या डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेस खाचेत अॅडॉप्टर कार्ड घालून एनव्हीएमई बसवला. लाइव्ह लिनक्समध्ये ड्राइव्ह दिसला, इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट केलं तर काहीच नाही. कारण साधं: लिनक्सच्या कर्नलकडे एनव्हीएमईचा ड्रायव्हर आहे, पण त्या जुन्या फर्मवेअरकडे नाही, आणि ग्रब डिस्क वाचतं ते फर्मवेअरच्याच डोळ्यांनी. कर्नलपर्यंत पोचायच्या आधीच सगळं अडतं. यावर उपाय म्हणजे ईएसपी (बूटलोडरचं पार्टिशन, त्याबद्दल पुढे) आणि /बूट ही दोन पार्टिशनं जुन्या साटा ड्राइव्हवर किंवा एखाद्या छोट्या पेनड्राइव्हवर ठेवायची आणि रूट एनव्हीएमईवर. कर्नल एकदा मेमरीत आला की वेग एनव्हीएमईचाच मिळतो.

ईएसपी कुठे आहे?

मामांच्या मशीनची मुख्य गोष्ट इथे आहे, आणि नव्या ड्राइव्हच्या कहाण्यांमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा भेटलेलं कारणही हेच.

यूईएफआय मशीनला बूटलोडर एका खास पार्टिशनमध्ये लागतो. त्याला ईएफआय सिस्टम पार्टिशन, थोडक्यात ईएसपी म्हणतात. ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं असतं आणि लिनक्समध्ये साधारणपणे /बूट/ईएफआय इथे जोडलेलं असतं. मशीनमध्ये आधीपासून एक ईएसपी असेल तर काही इन्स्टॉलर नव्या ड्राइव्हवर वेगळं न करता त्या जुन्यातच ग्रब ठेवून मोकळे होतात. लिनक्स नव्यावर, किल्ली जुन्यावर. दोन्ही जोडलेले असेपर्यंत कोणाला काही कळत नाही. जुना काढला की घर जागेवर आणि किल्ली नातीच्या लॅपटॉपात.

बघायचं कसं? लाइव्हमध्ये टर्मिनल उघडा:

एलएसबीएलके -एफ

मामांच्या नव्या ड्राइव्हवर एकच पार्टिशन दिसलं: ईएक्सटी४ (लिनक्सचा नेहमीचा फॉरमॅट), पूर्ण ड्राइव्हभर. फॅट३२ चं नावही नाही. निदान तिथेच संपलं.

मग ईएसपी करायचं. जीपार्टेडमध्ये त्या ईएक्सटी४ पार्टिशनच्या शेवटाकडून ६०० एमबी कमी केले. शेवटाकडूनच करायचं. सुरुवातीकडून केलंत तर सगळा डेटा सरकवावा लागतो आणि वेळ व धोका दोन्ही वाढतात. ईएसपी ड्राइव्हच्या सुरुवातीलाच हवं असा समज आहे, पण तसं काही बंधन नाही. मोकळ्या जागेत ५१२ एमबीचं फॅट३२ पार्टिशन केलं आणि त्यावर बूट व ईएसपी ही निशाणं लावली. यासाठी ड्राइव्हची पार्टिशन पद्धत जीपीटी हवी. मामांची होती.

आता खरं काम: लाइव्हमध्ये बसून इन्स्टॉल केलेल्या लिनक्सच्या आत शिरायचं. रूट पार्टिशन पी१, नवं ईएसपी पी२. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, ते वरच्या आज्ञेतून घ्या.

सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह
सुडो माउंट --आरबाइंड /प्रॉक /एमएनटी/प्रॉक
सुडो माउंट --आरबाइंड /सिस /एमएनटी/सिस
सुडो माउंट --आरबाइंड /रन /एमएनटी/रन
सुडो सीएचरूट /एमएनटी

बाइंडच्या आधीचा आर महत्त्वाचा. नुसतं बाइंड केलं तर /सिसच्या पोटातला ईएफआय व्हेरिएबलचा भाग सोबत येत नाही, आणि पुढची आज्ञा 'या मशीनवर ईएफआय व्हेरिएबल नाहीत' असं खोटं सांगते.

/बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर ईएसपीच्या आधी ते जोडा. रूट बीटीआरएफएसवर असेल तर माउंट करताना -ओ सबव्हॉल=@ असं सांगावं लागतं, निदान ज्या लिनक्समध्ये रूटचं सबव्हॉल्यूम त्या नावाने असतं तिथे. न सांगता केलंत तर /एमएनटीमध्ये इटीसी, यूएसआर यांच्याऐवजी @ नावाचं फोल्डर दिसेल, त्यावरून ओळखा. एन्क्रिप्शन असेल तर सगळ्यात आधी क्रिप्टसेटअप ओपन करून पार्टिशन उघडा, आणि आत एलव्हीएम असेल तर व्हीजीचेंज -एवाय.

आत आल्यावर:

ग्रब-इन्स्टॉल --टार्गेट=एक्स८६_६४-ईएफआय --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय
अपडेट-ग्रब

पहिलीने बूटलोडर नव्या ईएसपीत ठेवला आणि फर्मवेअरच्या स्मरणात त्याची नोंद केली. दुसरीने मेन्यू नव्याने लिहिला. ज्या लिनक्समध्ये अपडेट-ग्रब नाही तिथे ग्रब-एमकेकॉन्फिग -ओ /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी. फेडोरामध्ये ग्रब-इन्स्टॉलच्या वाटेला जाऊ नका. तिथे सही केलेला बूटलोडर पॅकेजमधूनच येतो, त्यामुळे शिम आणि ग्रब२ ची ईएफआय पॅकेजं पुन्हा बसवायची.

नोंद झाली का ते ईएफआयबूटएमजीआर -व्ही दाखवतं. नोंद आहे पण क्रमात मागे असेल तर ईएफआयबूटएमजीआर -ओ आणि पुढे हवा तो क्रम.

काही मदरबोर्ड मात्र ही नोंद विसरतात, किंवा विंडोजशिवाय दुसऱ्या कोणाला ओळखच देत नाहीत. अशांसाठी ग्रब-इन्स्टॉलच्या आज्ञेला शेवटी --रिमूव्हेबल जोडून ती पुन्हा चालवा. त्याने बूटलोडर ईएसपीत /ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय या नावाने बसतो. ड्राइव्हबद्दल काहीच नोंद नसली तर फर्मवेअर याच ठरलेल्या जागी डोकावतं. पेनड्राइव्ह कुठल्याही मशीनवर बूट होतो तो याच सोयीमुळे.

लेगसी पद्धतीचं जुनं मशीन असेल तर हा ईएसपीचा खटाटोप नाही. तिथे ड्राइव्हच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधले ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी असतात. ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए असं पूर्ण ड्राइव्हचं नाव द्यायचं, पार्टिशनचा आकडा द्यायचा नाही. फक्त ड्राइव्ह जीपीटी असेल तर ग्रबला १ एमबीचं, फॉरमॅट न केलेलं बायोस बूट पार्टिशन लागतं.

दुसरं स्टेशन: ग्रब आलं, पण मेन्यू नाही

'ग्रब रेस्क्यू' म्हणजे ग्रबचं डोकं आलंय, हातपाय सापडले नाहीत. नुसतं 'ग्रब' म्हणजे हातपाय आहेत, पण मेन्यूची फाइल सापडत नाही. दोन्हीकडे ग्रबला पार्टिशन दाखवून द्यायचं असतं. एलएस टाइप केलं की (एचडी०,जीपीटी१) अशी नावं येतात. ड्राइव्ह शून्यापासून मोजले जातात आणि पार्टिशनं एकपासून. असं का, ते ग्रब लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. एकेक करून आत बघा:

एलएस (एचडी१,जीपीटी१)/

जिथे बूट, इटीसी, होम दिसतील ते आपलं. मग:

सेट रूट=(एचडी१,जीपीटी१)
सेट प्रिफिक्स=(एचडी१,जीपीटी१)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

मेन्यू आला की बूट करा. ही मलमपट्टी एका वेळेपुरती आहे. लिनक्समध्ये शिरलात की लगेच वरची ग्रब-इन्स्टॉल आणि अपडेट-ग्रबची जोडी चालवा.

मेन्यू आला पण विंडोज त्यात नाही, ही तक्रार वेगळी. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टम शोधणं मुळातच बंद ठेवलेलं आहे. /इटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स, डावीकडचं नाव मोठ्या अक्षरांत, ही ओळ घालून मेन्यू पुन्हा लिहा.

तिसरं स्टेशन: यूयूआयडी सापडत नाही

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात, कारण समोर येतो बिझीबॉक्सचा उघडाबोडका शेल. त्याचं म्हणणं एवढंच असतं की 'मला ज्या क्रमांकाचं पार्टिशन शोधायला पाठवलं ते इथे नाही'. दोनच शक्यता: एकतर क्रमांक चुकीचा आहे, नाहीतर ड्राइव्हच दिसत नाहीये. कोणती, ते त्याच शेलमध्ये कळतं.

कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन
ब्लकआयडी

पहिलीत रूट= च्या पुढे मागितलेला क्रमांक दिसेल, दुसरीत हजर असलेले. तुमचा ड्राइव्ह दुसरीत आहे पण क्रमांक जुळत नाही, तर मेन्यू शिळा आहे. सीएचरूट करून अपडेट-ग्रब.

ड्राइव्ह दुसरीत अजिबातच नसेल तर शिदोरीत त्याचा ड्रायव्हर बांधलेला नाही. नव्याने इन्स्टॉल केलेल्यांना हे क्वचित भोगावं लागतं. जुन्या साटावरून एनव्हीएमईवर लिनक्स कॉपी करून आणणाऱ्यांना मात्र नेहमी. जागा वाचवण्यासाठी इनिटरॅमएफएस फक्त त्या वेळच्या मशीनला लागतील तेवढेच ड्रायव्हर घेऊन बांधलेली असू शकते. डेबियनच्या कुळात /इटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/इनिटरॅमएफएस.कॉन्फ या फाइलमध्ये मॉड्यूल्स=डेप असेल तर ते मोस्ट करा, आणि सीएचरूटमध्येच:

अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

फेडोराच्या कुळात हे काम ड्रेकट करतं आणि ते मुळातच काटकसरी आहे. तिथे ग्रबच्या मेन्यूत रेस्क्यू नावाची एक नोंद असते, जिच्या शिदोरीत सगळे ड्रायव्हर असतात. तिच्यातून आत या आणि ड्रेकट --फोर्स --रीजनरेट-ऑल चालवा. हे बघितल्यापासून मी ती रेस्क्यूची नोंद जागा खाते म्हणून कधी पुसत नाही.

एन्क्रिप्शन असेल तर /इटीसी/क्रिप्टटॅबमधला क्रमांकही तपासा. तो बदलला तर शिदोरी पुन्हा बांधायला हवी, कारण त्या फाइलची एक प्रत शिदोरीत गेलेली असते.

कधी शेल येऊन सांगतो की एफएससीके, म्हणजे पार्टिशन तपासून दुरुस्त करणारी आज्ञा, हाताने चालवा. वीज गेल्यामुळे एकदा असं झालं तर चालवा आणि विसरा. पण कोऱ्या ड्राइव्हवर आठवड्यात दोनदा तेच मागितलं जात असेल, तर दुरुस्त्या थांबवून स्मार्टसीटीएल -ए ने ड्राइव्हची प्रकृती बघा आणि बिल शोधायला लागा. वॉरंटी असते ती याचसाठी.

चौथं स्टेशन: एफएसटॅब

मामांकडे ग्रब बसवून रीस्टार्ट केलं. मेन्यू आला, कर्नल सुरू झाला, मामांनी टाळी वाजवली आणि लगेच पडद्यावर इमर्जन्सी मोड. मामी म्हणाल्या, "आधी निदान लवकर कळत होतं चालत नाही म्हणून."

कारण अपेक्षितच होतं. /इटीसी/एफएसटॅबमध्ये /बूट/ईएफआयच्या ओळीत अजून जुन्या ड्राइव्हच्या ईएसपीचा क्रमांक होता. सिस्टमडी त्याची ९० सेकंद वाट बघतं, आला नाही की हात वर करतं. खरं तर हे मी सीएचरूटमध्ये असतानाच करायला हवं होतं.

इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा पासवर्ड मागतात. तो ठेवलेला नसेल तर काही लिनक्स आत येऊच देत नाहीत, मग पुन्हा लाइव्ह पेनड्राइव्ह. आत आलात की:

ब्लकआयडी
नॅनो /इटीसी/एफएसटॅब

फॅट३२ चा क्रमांक छोटा असतो, चार अक्षरं, आडवी रेघ, चार अक्षरं. त्यामुळे ईएक्सटी४ च्या लांबलचक क्रमांकांत तो पटकन ओळखता येतो. तो बदलला. फाइल लिहिता येत नाही असं म्हणालं तर आधी माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /. मशीनसोबत नेहमीच असेल याची खात्री नाही अशा कुठल्याही डिस्कच्या ओळीत, म्हणजे बाहेरच्या बॅकअप डिस्क वगैरे, पर्यायांमध्ये नोफेल लिहून ठेवा. मग ती नसली तरी बूट अडत नाही.

पुन्हा रीस्टार्ट. या वेळी लॉगिन आलं, पण दोन मिनिटांनी. तिसरा बिघाड. इन्स्टॉलरने जुन्या ड्राइव्हवर दिसलेलं स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायचं) पार्टिशन आपलंच समजून एफएसटॅबमध्ये टाकलं होतं. स्वॅप नाही मिळालं म्हणून इमर्जन्सी मोड येत नाही, पण वाट बघणं चुकत नाही. आणि ती वाट दोनदा बघितली जाते: एकदा इनिटरॅमएफएसमध्ये, झोपवलेलं मशीन जागं करायचंय का या शंकेने, आणि एकदा सिस्टमडीमध्ये. एफएसटॅबमधल्या स्वॅपच्या ओळीपुढे # लावला, /इटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम या फाइलमध्ये रिझ्यूम=नन केलं आणि शिदोरी पुन्हा बांधली. आता मशीन पंधरा सेकंदांत उठतं. कुठे वेळ जातोय हे शोधायला सिस्टमडी-अॅनालाइझ ब्लेम चालवा. आणि मागच्या फसलेल्या बूटची नोंद हवी असेल तर जर्नलसीटीएल -बी -१, मात्र नोंदी डिस्कवर साठवल्या जात असतील तरच.

काळा पडदा आणि सिक्युअर बूट

ग्रबच्या मेन्यूत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, एफ१० दाबा. पडदा आला तर दोष ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा, बूटचा नाही. त्याच ओळीतले क्वाएट आणि स्प्लॅश हे शब्द काढले की मशीन काय करतंय ते ओळीओळीने दिसतं. मी ते कायमचेच काढून टाकतो.

सिक्युअर बूटने अडवलं तर पडद्यावर सहीबद्दल किंवा सुरक्षेच्या उल्लंघनाबद्दल स्पष्ट संदेश येतो. तो तात्पुरता बंद करून बघा. बंद केल्यावर बूट झालं तर शिम आणि सही केलेल्या ग्रबची पॅकेजं नीट बसवा आणि तो परत चालू करा.

कॉपी करून आणलेल्यांसाठी

डीडी किंवा क्लोनझिलाने जुना ड्राइव्ह जसाच्या तसा नव्यावर उतरवला तर यूयूआयडीही जसेच्या तसे येतात. मग दोन्ही ड्राइव्ह जोडून बूट केलं की एकाच नावाची दोन माणसं एका घरात. कधी जुनं रूट जोडलं जातं, कधी नवं, आणि काल केलेलं काम आज दिसत नाही. क्लोन झाल्यावर पहिलं बूट जुना ड्राइव्ह काढूनच करा. बीटीआरएफएस असेल तर दोन सारखे क्रमांक एकत्र जोडण्याचा प्रयोग तर करूच नका, तिथे डेटा खराब होऊ शकतो.

एक चकवा यूएसबी डबीचा, म्हणजे ड्राइव्ह आत घालून बाहेरून यूएसबीला लावतात तिचा. नवा ड्राइव्ह यूएसबी डबीत घालून त्यावर क्लोन केलं, मग मशीनमध्ये बसवला आणि पार्टिशनंच दिसेनात, असं झालं तर डबीवर संशय घ्या. काही डबे ड्राइव्हचा सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचा असल्याचं भासवतात. पार्टिशनची यादी सेक्टरच्या हिशोबात लिहिलेली असते, त्यामुळे डबीबाहेर आल्यावर सगळा हिशोब चुकतो. क्लोन शक्यतो दोन्ही ड्राइव्ह थेट मदरबोर्डला लावूनच करावं.

झालं असं म्हणण्याआधी

लॉगिन आलं म्हणून कॅबिनेटचे स्क्रू लगेच लावू नका. पेनड्राइव्ह काढा, मशीन पूर्ण बंद करा, भिंतीवरचं बटणही बंद करा, मिनिटभर थांबा आणि चालू करा. असं दोनदा. काही बिघाड नुसत्या रीस्टार्टमध्ये दिसत नाहीत, थंड मशीनवरच दिसतात. बटण बंद केल्यावर प्रत्येक वेळी घड्याळ मागे जात असेल आणि फर्मवेअरची सेटिंग मूळ पदावर येत असतील, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. नाहीतर एएचसीआयसारखं तुम्ही जपून केलेलं सेटिंग एक दिवस परत उलटेल.

जुना ड्राइव्ह मी मामांना आठवडाभर तसाच ठेवायला लावला. नातीने रोज विचारलं. आठव्या दिवशी तिच्या लॅपटॉपात तो बसवला, वाइपएफएस -ए चालवायच्या आधी एलएसबीएलके तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं, आणि चौथ्यांदा मामांनी वाचलं.